पेन्सिलच्या आधी कान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात नुकतेच एका आईचे पत्र आले होते. मुलगा चार वर्षांचा, तोंडाची टकळी दिवसभर सुरू, पण वहीत 'क' काढायला बसवले की पेन्सिल टाकून पळतो. बरोबरीची मुले बाराखडी लिहू लागली आहेत. आपले घरी काय चुकते आहे, असा त्यांचा प्रश्न. त्यावर आलेल्या दोन्ही उत्तरांचा सूर एकच होता: रोज एक पान गिरवून घ्या, आपोआप वळण लागेल. तिसरे उत्तर म्हणून हे पत्र छापावे, ही विनंती. जरा लांबले आहे, पण कात्री लावायचीच झाली तर शेवटच्या परिच्छेदाला लावू नये. तो खास आपल्यासाठी आहे.

मी शिक्षक नव्हे. जुन्या छापखान्यातला कंपोझिटर. शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, उचलून स्टिकमध्ये, म्हणजे हातातल्या पट्टीत, लावायचे आणि उलटी दिसणारी ओळ उलटीच वाचायची, हे काम खिळ्यांच्या केसेस भंगारात जाईपर्यंत केले. काना, मात्रा, वेलांटी, रफार डोळ्यांच्या आधी बोटांना सापडायचे. आता लेक वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. तिच्या टेबलावरचे शोधनिबंध मी मागून घेतो, अडले की तिलाच विचारतो. घरात पाच वर्षांची नात आहे आणि खालील बहुतेक खेळ तिच्याबरोबर खेळून झालेले आहेत.

त्या आईंना आधी हे सांगतो, की ती टकळी म्हणजेच तुमच्या मुलाचे भांडवल. 'तेवढ्यात', 'नाहीतर', 'गुपचूप', 'डबके' हे शब्द ज्याच्या तोंडात खेळले आहेत, त्याला ते पुढे कागदावर भेटले की ओळख पटते. ज्याने ते कधी ऐकलेच नाहीत तो 'ते-व-ढ्या-त' असे अक्षर अक्षर लावतो आणि तोंडाकडे बघत राहतो. १९८६ साली गफ आणि टन्मर या संशोधकांनी वाचनाचा चक्क गुणाकार मांडला. एका बाजूला अक्षरे उलगडणे, दुसऱ्या बाजूला बोललेली भाषा समजणे. यातले एक शून्य असले तर उत्तरही शून्य. गिरवण्याच्या वहीत यातल्या पहिल्या बाजूचाही जेमतेम एक कोपरा येतो.

आता कानाकडे येतो, कारण माझे खरे म्हणणे तिथे आहे. आपण बोलणे ऐकतो तेव्हा आवाज ऐकत नाही, अर्थ ऐकतो. 'पाणी' म्हटले की मुलाला पाणी दिसते. त्यात 'पा' आणि 'णी' असे दोन तुकडे आहेत हे त्याच्या गावीही नसते, असण्याचे कारणही नाही. पण वाचायला शिकायचे तर अर्थ क्षणभर बाजूला ठेवून शब्दाचा नुसता आवाज धरता आला पाहिजे, तोडता आला पाहिजे, पुन्हा जोडता आला पाहिजे. ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी ऑक्सफर्डमध्ये केलेला आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या विषयातला गाजलेला आहे. अजून वाचू न लागलेल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना काही शब्द ऐकवून, यातला वेगळ्या आवाजाचा कोणता, असे विचारले. ज्यांचे कान तेव्हा तयार होते ती मुले पुढे वाचनातही पुढे राहिली. कानाने मागे असलेल्या काही मुलांना मग दोन वर्षे असे खेळ शिकवले. त्यांतही ज्यांच्या हातात खेळाबरोबर प्लास्टिकची अक्षरे दिली, त्यांची प्रगती सगळ्यांत चांगली झाली. तेव्हा अक्षरे नकोत असे मी म्हणत नाही. आवाज ओळखीचा झाला की त्याच्या पाठोपाठ अक्षर यावे, एवढेच.

हे खेळ करायला बैठक लागत नाही. आंघोळ घालताना, रांगेत उभे असताना, दिवे गेलेले असताना होतात. सुरुवात टाळ्यांनी करावी: 'चि-म-णी' तीन टाळ्या, 'घर' दोन, 'पांघरूण' किती? घरातल्या सगळ्यांची नावे टाळ्यांत मोजून होतात. मग 'वेगळा कोण': पाय, पान, दार. मुलाने 'दार' म्हटले की 'कसे ओळखलेस' असे जरूर विचारावे. पुष्कळदा उत्तर येते, 'कारण दार लाकडाचे असते.' हसू नये. तो अजून अर्थातच आहे, आवाजापर्यंत पोचलेला नाही, एवढे त्यातून कळते. काही दिवसांनी तोच मुलगा 'पा, पा... आणि दा' असे ओठ हलवून सांगतो.

मग ओळखा पाहू. 'मला या खोलीत एक वस्तू दिसते, तिचे नाव ख-पासून सुरू होते.' खिडकी, खुर्ची, खेळणे, काहीही चालते. मूल 'खि', 'खु', 'खे' यांत एकच 'ख' ऐकू लागले की बाराखडीचे निम्मे काम वहीशिवाय झाले. शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द जोडायच्या भेंड्या याच वयापासून खेळाव्यात, फक्त 'ण' आणि 'ळ' आले की मोठ्यांनी सोडून द्यावे, नाहीतर खेळ तिथेच मरतो.

माझा आवडता खेळ शब्दाचे डोके उडवण्याचा. 'विमान'मधला 'वि' काढला, काय उरले? 'मान'. 'कपाट'मधला 'क' काढ. 'पाट'. 'दरवाजा'तले 'दर' काढ. 'शहाणा'मधला 'श' काढला तर 'हाणा' उरतो, हे नातीने शोधून काढले त्या दिवशी घरात कोणालाही शहाणा म्हणण्याची सोय राहिली नाही. हा खेळ अवघड आहे, साडेचार-पाचच्या आत बहुतेकांना जमत नाही, आणि न जमल्यास दोन महिने विसरून जावे. पुढे सात-आठ वर्षांची मुले आपसात 'च'ची भाषा बोलतात, 'घरी'चे 'चरीघ' करतात, आणि मोठी माणसे वैतागतात. वैतागू नये. शब्दाचा पहिला आवाज उचलून मागे नेऊन ठेवणे आणि स्वर मात्र जागेवर राखणे ही कानाची पदवी परीक्षाच आहे.

आपली वर्णमाला तर आरशासमोर उभे राहून शिकण्यासारखी आहे. 'प फ ब भ म' म्हणताना ओठ मिटतात, 'त थ द ध न'ला जीभ दातांकडे जाते, 'क ख ग घ'ला तोंड उघडे आणि काम आत घशाजवळ. हा क्रम ज्यांनी लावला त्यांनी तोंडाचा नकाशाच काढला आहे, पण आपण तो मुलांकडून नुसता घोकून घेतो. मुलाला आरशापुढे उभे करून विचारावे, ओठ कधी मिटले? मग नाक चिमटीत धरून 'मामा' म्हणायला सांगावे. 'बाबा'च्या जवळचे काहीतरी ऐकू येते. 'म'ला वाट नाकातून आहे हे या एका चिमटीत कळते, आणि पुढे अनुस्वार शिकताना ती चिमटी उपयोगी पडते.

एक खबरदारी. 'चमचा'तला 'च' आणि 'चिमणी'तला 'च' कानाला वेगळे आहेत, लिहितो मात्र एकच. खेळात मुलाने ते दोन वेगळ्या गटांत टाकले तर त्याचे बरोबर आहे. 'अरे, दोन्ही च-च' म्हणून त्याच्या कानाला खोटे पाडू नये. 'ऐकायला दोन आहेत, लिहिताना एकच काढतात' एवढे सांगितले की पुरते.

आणि चार वर्षांच्या मुलाचे बोलणे घराबाहेरच्या माणसाला बहुतेक कळतच नसेल, किंवा यांतल्या कुठल्याच खेळात आवाजाचा फरक त्याला लागत नसेल, तर वही आणण्याआधी कान तपासून घ्यावेत. वारंवार कान फुटणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर नक्कीच. हे लेकीचे वाक्य आहे, तिने मुद्दाम घालायला लावले.

गोष्टी वाचून दाखवण्याविषयी सगळेच सांगतात, म्हणून मी फक्त दोन गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे, वाचता वाचता थांबा. १९८८ मध्ये व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना एवढेच शिकवले: सरळ वाचत सुटू नका, 'हे काय करते आहे', 'आता काय होईल' असे उघडे प्रश्न विचारा, मूल जे बोलेल त्यात एक-दोन शब्द घालून ते परत म्हणा. मूल म्हणाले 'कुत्रा पळाला', तर 'हो, घाबरून पळाला, शेपूट आत घालून'. महिनाभरात या मुलांचे बोलणे, नेहमीसारखे वाचून दाखवलेल्या मुलांच्या स्पष्ट पुढे गेले. 'तात्पर्य काय' हा प्रश्न मात्र या यादीत नाही. तो विचारला की मूल गोष्टीतून उठून परीक्षेला बसते. तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागितले तरी द्यावे. पहिल्या वेळी मूल गोष्टीमागे धावते, ती ओळखीची झाल्यावर शब्दांकडे वळते.

दुसरी गोष्ट बोटाची. इव्हान्स आणि सेंट-ऑबिन यांनी २००५ मध्ये, पालक वाचून दाखवत असताना लहान मुलांची नजर कुठे फिरते हे यंत्राने मोजले. ती चित्रांवरच होती, अक्षरांकडे जवळजवळ फिरकलीच नाही. मला यात नवल वाटले नाही. चित्र बोलते, अक्षर मुके असते, आणि ते बोलते हे अजून त्याला कोणी दाखवलेले नसते. म्हणून अधूनमधून, पानाआड एखाद्या ओळीखाली, बोट फिरवावे. 'हे बघ, इथे धडाम लिहिलंय, केवढं मोठं लिहिलंय.' न्यूझीलंडच्या वाचनतज्ज्ञ मेरी क्ले लहान मुलांना पुस्तक देऊन वाचायला सुरुवात कुठून करायची, ओळ संपली की पुढे कुठे जायचे, असे दाखवायला सांगत. आपल्याला हे इतके सवयीचे झाले आहे की तेही शिकावे लागते हे ध्यानात येत नाही. डावीकडून उजवीकडे, मग झेप घेऊन पुन्हा डावीकडे. दोन शब्दांमधली मोकळी जागा हे सुद्धा एक चिन्ह आहे. बोलताना ती नसतेच. खिळे लावताना त्या मोकळ्या जागेसाठीही शिशाचा तुकडा उचलावा लागे, त्यामुळे आम्हा लोकांना ती कधी रिकामी वाटली नाही.

इथे एक गोष्ट ठासून लिहावीशी वाटते. असे सल्ले छापताना आपण धरून चालतो की घरी वाचता येणारे, पुस्तक घेऊन बसायला मोकळे असे कोणीतरी आहेच. ज्या आईवडिलांना स्वतःला वाचता येत नाही, त्यांनी काय करायचे? वरचे कानाचे सगळे खेळ त्यांना अक्षराशिवाय करता येतात. कोडी घालता येतात, ऐकलेली गोष्ट सांगता येते, चित्रांच्या पुस्तकातली चित्रे बघून स्वतःची गोष्ट रचता येते आणि मुलाला पुढची रचायला सांगता येते. तेही वाचनाचेच शिक्षण आहे. आणि हे सगळे घरात जी भाषा बोलतात तिच्यातच करावे. बोली 'शुद्ध' नाही म्हणून मुलाशी कमी बोलणे हा तोट्याचा सौदा आहे. मोबाईल लावून देऊन मात्र हे काम होत नाही. संशोधक पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ-दहा महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून बाळांनी त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकले, तेच पडद्यावरून ऐकलेल्या बाळांच्या पदरी काही पडले नाही.

आता लिहिण्याचे. गिरवण्याच्या पानाचा मला राग का, तर त्यात मूल ठिपक्यांकडे बघते, अक्षराकडे नाही. ठिपके संपले की अक्षर संपले. इंडियाना विद्यापीठातल्या कॅरिन जेम्स यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाच वर्षांच्या, अजून वाचता न येणाऱ्या मुलांनी काही अक्षरे बघून स्वतःच्या हाताने काढली, काही गिरवली, काही कळ दाबून उमटवली. नंतर तीच अक्षरे दाखवून मेंदूचे चित्र घेतले. वाचनाच्या वेळी जे भाग कामाला लागतात ते जागे झाले ते हाताने काढलेल्या अक्षरांना, गिरवलेल्यांना नाही. वेडेवाकडे का होईना, स्वतः काढलेले अक्षर मोलाचे आहे, कारण दर वेळी ते थोडे निराळे येते आणि तरीही 'क'च असतो.

त्यासाठी चार रेघी वहीची गरज नाही. वाळूत बोटाने, फरशीवर खडूने, भिंतीवर ओल्या कुंचल्याने. हाताला ताकद यावी म्हणून माती मळणे, कागद फाडणे, कात्रीने कापणे. पहिला शब्द स्वतःचे नाव असावा. त्यासाठी मूल कष्ट घेते, 'कमळ'साठी घेत नाही. तिथून आई, बाबा, मांजराचे नाव. मुलाने सांगितलेले एखादे वाक्य मोठ्या अक्षरांत, तो जसे बोलला तसेच लिहून भिंतीवर लावावे. आमच्या दारावर मध्यंतरी 'आजोबा घोरतात म्हणून मी जागी' असे वाक्य होते. येणारा जाणारा ते मोठ्याने वाचायचा आणि लेखिका शेजारी उभी राहून बोटाने शब्द दाखवायची.

मुलाने स्वतःच्या मनाने लिहिले की चुका दिसतात, आणि घरातल्या कोणाची तरी लाल पेन्सिल शिवशिवते. माझीही शिवशिवली असती, पण भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स रीड यांचा १९७१ चा निबंध आधी वाचनात आला होता. शाळेत जाण्यापूर्वी आपापले शब्द लिहू लागलेल्या अमेरिकन मुलांच्या चुका त्यांनी जमवल्या आणि दाखवून दिले की त्या चुकांना कानाचा पक्का हिशेब असतो. व्यंजनाच्या आधीचा अनुनासिक आवाज ती मुले लिहायचीच नाहीत. आमची नात 'पंखा' लिहिताना 'पखा' लिहिते. तो अनुस्वार तिला स्वतंत्र आवाज म्हणून ऐकू येत नाही, स्वराला चिकटलेला येतो. नाकाची चिमटी इथे वापरावी, रागावू नये.

अक्षरे उलटी काढणे हेही तसेच. कप उजवीकडून बघा, डावीकडून बघा, कपच असतो, जगातल्या सगळ्या वस्तूंचे असेच असते. मेंदूला दोन्ही बाजू सारख्या मानायची सवय असते आणि अक्षरांसाठी ती मोडावी लागते. आपल्याकडे तर ३ उलटा केला की ६ होतो, पहिली वेलांटी उलटी केली की जवळपास दुसरी. त्यात पहिली वेलांटी बोलताना मागून येते आणि लिहिताना आधी. 'कि' म्हणताना 'क' आधी ऐकू येतो, मग मूल वेलांटी नंतर काढते, यात मुलाचे काय चुकले? पाच-सहा वर्षांपर्यंत हे चालायचेच. छापखान्यात नवा पोऱ्या आला की तोही वेलांटीचा खिळा चुकीच्या बाजूला लावायचा, आणि तो चांगला मिसरूड फुटलेला असायचा.

बरोबरीची मुले बाराखडी लिहितात, हे दुःख उरले. चौतीस व्यंजने आणि बारा रूपे धरली तर ४०८ आकृत्या होतात, जोडाक्षरे वेगळीच. कन्नडची लिपी घडणीने आपल्यासारखीच आहे. तिथे सोनाली नाग यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की इतकी अक्षरे पक्की व्हायला शाळेची पहिली कित्येक वर्षे जातात. ते काम चौथ्या वर्षी उरकायला कोणी सांगितले आहे?

आता आपल्याकडे मागणे. रविवारच्या अंकात एक छोटी चौकट द्यावी. पाच-सहा ओळी, अक्षर चांगले टपोरे, चोवीस पॉइंटच्या खाली नको. एका ओळीत एक वाक्य आणि वाक्य ओळीतच संपावे. दोन्ही कडा जुळवण्याच्या नादात अरुंद स्तंभात शब्दांमधली जागा कुठे फाकते, कुठे चिकटते. नव्या वाचकाला ते चालत नाही, म्हणून फक्त डावी कडा सरळ ठेवावी, शब्द तोडू नये. मजकुरामागे रंगीत चित्र नको. अक्षरापासून वेलांटी सुटी दिसेल असा नक्षीदार टाइप तर नकोच. जोडाक्षरे मोजकी, उपदेश मुळीच नाही. खाली बारीक टाइपात मोठ्यांसाठी एक कानाचा खेळ. मजकूर लिहून देण्यास आणि प्रुफे तपासण्यास मी विनामोबदला तयार आहे. संगणकावरच्या ओळी खिळ्यांसारख्या उलट्या नसतात, त्यामुळे काम लवकर होईल.

आपला,
एक निवृत्त कंपोझिटर